रात्रीची हजेरी कोण मांडणार?

रोह्याकडून येणारी संध्याकाळची गाडी कासूला थांबली की धाटाव एमआयडीसीतून सुटलेली मंडळी उतरतात. त्यांच्या बोलण्यात ‘ओटी’, म्हणजे ओव्हरटाइम, असतेच. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट मजुरी ठरवून दिली. कंत्राटी कामगाराच्या हातात ती कितपत पडते हा प्रश्नच आहे, पण भांडायला निदान आकडा तरी असतो.

आमच्याकडच्या अंगणवाडीताईंना तोही नाही. मिळतं ते मानधन. मानधनाला कसली आलीय ओटी! अंगणवाडी कधीच सुटलेली असते, जेवणं उरकलेली असतात आणि ताई ओट्यावर फोन वर धरून बसलेल्या असतात. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर दिवसभराच्या नोंदी चढायच्या असतात.

“ताई, ठेवा आता तो.”

“रेंज आत्ता कुठं आलीय, दादा. उद्या व्हॉट्सॲप गटावर नोंदी राहिलेल्यांत नाव आलं म्हणजे?”

२०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. फोन तापतो, अडकतो आणि ॲप इंग्रजीत, अशा तक्रारी होत्या. पुढे फोन बदलले, ॲपमध्ये मराठी आली. काम मात्र हलकं झालं नाही.

मला त्याहून खुपतं ते वेगळंच. पेण तालुक्यातली कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर निघून जातात. कुणाचं पोर आजीजवळ राहिलंय, कुणाची आहाराची पाकिटं कुणाकडे द्यायची, हे ताईंना तोंडपाठ. पण २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. नोंदलेली आई भट्टीवर आणि दारात आजी उभी! वीस वर्षं वस्ती ओळखणाऱ्या बाईच्या शब्दाला आता फोनची परवानगी लागते. लबाडी रोखायला हवी, कबूल. पण अविश्वास नेमका सगळ्यात कमी पैसे घेणाऱ्या बाईवरच का?

अंगणवाडी सकाळी किती वाजता उघडली हे फोन टिपतो. मग रात्री नोंद किती वाजता चढली, हे त्याला ठाऊक नसेल? वेळ हजेरीसाठी धरायची आणि पैशाच्या वेळी सोडून द्यायची, ही सरळसरळ लबाडी आहे. सेविकांना कामगाराचा दर्जा द्या आणि त्या रात्रीच्या नोंदी ओटी म्हणून मोजा. पुरावा सरकारच्याच सर्व्हरवर आहे.