लाल तेल आणि रॉकीजचा घाट

डेन्व्हरहून आय-70 महामार्ग पश्चिमेला निघतो आणि तासाभरात आयझेनहॉवर बोगद्याशी पोहोचतो. शहर 5,280 फुटांवर, बोगदा 11,000 फुटांच्या वर. आपल्या चोर्ला घाटासारखी नागमोडी वळणं इथे नाहीत. रुंद रस्ता आणि संपता न संपणारा चढ. बेळगावहून आलेल्या बाबांना तो दाखवायचा होता. अडचण गाडीची होती. माझा 2002 सालचा फोर्ड एफ-150 पिकअप गिअर बदलताना अडखळायला लागला होता. डिपस्टिक ओढून पाहिली, तर लाल असायला हवं ते तेल तपकिरी झालेलं आणि जळकट वासाचं.

गॅरेजवाला म्हणाला, इतकं जुनं तेल बदलू नका, बदललंत तर गिअरबॉक्स घसरेल. ही भीती अगदीच खोटी नाही. क्लचप्लेटा आधीच झिजलेल्या असतील तर नवं तेल त्यांना वाचवत नाही, आणि बोल मात्र तेल बदलणाऱ्याला लागतो. ऑटोमॅटिकमध्ये तेल नुसतं वंगण नसतं. इंजिनची ताकद तेच पुढे नेतं, क्लच तेच दाबतं, उष्णताही तेच वाहून नेतं.

बाबांनी उद्यमबागेत उभं आयुष्य लेथवर काढलं. निवृत्तीनंतर हात रिकामे. ते म्हणाले, "अरे, उघडून बघ की. आत काय झालंय ते चुरा सांगेल."

शनिवारी सकाळी चाकांना अडण्या लावून मी पिकअपखाली सरकलो. या पॅनला निचऱ्याचा बोल्ट नाही. एका बाजूचे बोल्ट काढायचे, दुसऱ्या बाजूचे ढिले ठेवायचे आणि पॅन हळूच कलता करायचा. तरी निम्मं तेल माझ्या बाहीत गेलं. (त्या शर्टाबद्दल घरी अजून बोललं जातं.) पॅनमधल्या लोहचुंबकावर काळा लगदा होता. बाबांनी तो चिमटीत घेऊन चोळला, पुन्हा चोळला. "काजळासारखा आहे. टोचत नाही. कण असते तर बोटाला कळलं असतं."

मग अडलो फिल्टरपाशी. फिल्टर निघाला, पण त्याची रबरी कडी वरच्या भोकात चिकटून राहिली. ती तिथेच ठेवून नवा फिल्टर बसवायला गेलात तर तो नीट बसत नाही. भोकाला ओरखडा गेला तर पंप हवा ओढतो. मी दोनदा हरलो. बाबा अडुसष्टाव्या वर्षी पुठ्ठ्यावर आडवे झाले आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने कडी अलगद आत मुडपून बाहेर काढली.

साडेचार-पाच लिटर निघालं. मोजून तितकंच मर्कॉन व्ही भरलं. बाकीचं जुनं तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून हेच काम थोड्या दिवसांनी पुन्हा करायचं. इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवले, आणि तेल गरम झाल्यावर पातळी पाहिली. जुनं तेल सुट्या भागांच्या दुकानात फुकट घेतात.

पुढच्या रविवारी निघालो. चढावर गिअर सारखे वरखाली होऊ नयेत म्हणून ओव्हरड्राइव्ह बंद ठेवला. बोगद्यापर्यंत बाबा खिडकीबाहेर कमी आणि गिअरच्या आवाजाकडेच जास्त लक्ष देत होते. पलीकडच्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी खडीचे चढ बांधलेले आहेत, ते मात्र त्यांनी मान वळवून पाहिले.

सिल्व्हरथॉर्नला थांबलो. समोर बर्फाची शिखरं होती. बाबा आधी वाकून गाडीखाली बघायला लागले. एक थेंब पडला होता. त्यांनी बोटावर घेतला, हुंगला.

"पाणी आहे. एसीचं," म्हणाले, आणि मग शिखरांकडे वळले.