पत्रा आणि पाटी

मराठवाड्यातल्या कुठल्याही हमरस्त्याने जा. नळदुर्ग असो की उमरगा, गावाच्या तोंडाशी चार-सहा गॅरेज लागतातच. कुणी पंक्चर काढतो, कुणी वेल्डिंग करतो, कुणी पत्रा ठोकतो. पाट्यांवरची नावे वाचली की कळते, यातली बरीच माणसे आमच्याच मोहल्ल्यातली आहेत. इतर समाजांच्या तुलनेत मुसलमान पगारी नोकरीत कमी आणि छोट्या स्वतंत्र धंद्यांत जास्त आहेत, असे सच्चर समितीने २००६ साली आपल्या अहवालात मांडले. आम्हाला त्याचे नवल वाटले नाही. आमचे अब्बा चाळीस वर्षे डेंटर होते.

अब्बांची जिद्द एकच. मुलांच्या हातात हातोडी येऊ द्यायची नाही. गॅरेजच्या उंबऱ्यावर पाय टाकला तरी ओरडत, "इधर नै आना! किताब लेको बैठो." आम्ही किताब घेऊन बसलो. उर्दू माध्यमातून शिकलो, बी.एड. केले आणि उर्दू शाळेतच गणित शिकवू लागलो. मोहल्ल्यात अब्बांची मान उंच झाली. पण तोवर थिनरचा वास आणि लांबीची धूळ त्यांच्या छातीत उतरली होती. आज चार पायऱ्या चढल्या तरी त्यांना दम लागतो.

आमच्याकडे २००३ सालची मारुती ८०० आहे. अब्बांना दवाखान्यात न्यायला तीच कामाला येते. ही गाडी तयार होणे २०१४ सालीच बंद झाले. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीने तिची मागची डावी बाजू चेपली. चाकावरची कमान आत गेली आणि जुना गंज उघडा पडला. पुढचे मडगार्ड बोल्टवर असते, काढून दुसरे बसवता येते. मागचा पत्रा मात्र बॉडीलाच जोडलेला असतो. पूर्ण बाजू बदलायचा जो खर्च सांगण्यात आला, त्यात आणखी एक जुनी गाडी आली असती. त्यात २०२३ साल. गाडीला वीस वर्षे होत होती, आरटीओत नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायची होती. फुटक्या अंगाने गाडी पास होणार नव्हती.

शेवटी अब्बाच म्हणाले, "घर में करेंगे. मैं बोलता, तुम करो." ज्यांनी आयुष्यभर हातोडीला हात लावू दिला नाही, त्यांनीच ती आमच्या हाती दिली. वेल्डिंगसाठी शेजारच्या गॅरेजातला पोरगा गॅसचा सेट घेऊन आला. तो आमचाच विद्यार्थी. नववीत शाळा सोडून गेलेला. आम्हाला पाहून त्याने आधी हात पुसले, मग सलाम केला.

काम समजायला सोपे आणि करायला अवघड होते. गंजलेला भाग चकाकता पत्रा लागेपर्यंत कापून काढावा लागतो. वरून लांबी भरली तर आतला गंज खातच राहतो. शेजाऱ्यांनी फायबर लावायला सांगितले. अब्बांनी मान हलवली. सुट्या बंपरला फायबर चालते, गंजावर ते नुसते झाकण होते. मग नवा तुकडा कशाच्या मापाने करायचा? डावी बाजू तर मोडलेली. पोराने आमच्याकडे वह्यांना घालायचा खाकी कागद मागितला. उजव्या, धड कमानीवर तो पसरला, काठ गिरवले, कापला आणि उलटा केला. उजव्याचा डावा झाला. सममिती नावाचा धडा आम्ही वर्गात फळ्यावर काढून दाखवतो. तो या पोराच्या डोक्यात कधी शिरला नव्हता, असे आम्ही धरून चाललो होतो.

पुढची गोष्ट त्याहून मोलाची. गोलाईवर कागद सपाट बसत नाही. कुठे त्याला चुण्या पडतात, कुठे चीर द्यावी लागते. चुणी पडते तिथे पत्रा आकसवायचा, चीर फाकते तिथे पत्रा ताणायचा. ताणायचा म्हणजे डॉलीवर ठेवून ठोकायचा. आकसवायचा म्हणजे एक ठिपका लाल होईस्तोवर तापवून ठोकायचा आणि ओल्या फडक्याने थंड करायचा. एवढी भूमिती त्या खाकी कागदात होती. आम्ही २२ गेजचा पत्रा ठोकत होतो, अब्बा लांब खुर्चीवर नाकाला रुमाल लावून आवाजावरून सांगत होते. "जोर नको. पत्रे को मारना नै, समझाना."

जोडताना बॅटरीची तार सोडली, मागची सीट आणि आतले कापड काढले. मागे पेट्रोलची टाकी, म्हणून ओली पोती आणि पाण्याची बादली हाताशी ठेवली. पोराने एका टोकाला टाका घातला, दुसरा एकदम दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये थांबला. "सर, एकीच जगा गरम किया तो पत्रा फूलता." मग टाके घासले, प्रायमर मारला, लांबीचा पातळ हात दिला, पाणीपेपरने घासून पुन्हा प्रायमर आणि वर रंग. आतल्या बाजूलाही गंजरोधक रंग दिला, कारण गंज आतूनच येतो. हे चाकावरच्या पत्र्याचे झाले. चेसिस किंवा दरवाज्याचा खांब वाकला असता तर अब्बांनी घरी हात लावू दिला नसता. त्यावर आतल्या माणसांचा जीव असतो.

गाडी पास झाली. त्याच वर्षी जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. पाटीवर मात्र एमएच २५ तसेच राहिले.

आम्हाला तेव्हापासून एक प्रश्न सोडत नाही. हात आणि किताब यांत भिंत कुणी घातली? १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडले. त्याचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. आपला जिल्हा तेव्हा ज्या संस्थानात होता, त्याच्याच राजधानीत, हैदराबादेत, त्यांचा जन्म. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही सहावीपासून हाताच्या कामाची ओळख सांगितली आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी जीप बनवली, किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात साऱ्या देशाने ती पाहिली. आनंद महिंद्रांनी ती जीप मागून घेतली आणि २०२२ च्या जानेवारीत त्यांना नवी बोलेरो मिळाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण आपल्या गल्लीतला पोरगा तेच करतो, तेव्हा आपण म्हणतो, शिकला नाही म्हणून गॅरेजात गेला.

हाताच्या कामाचे गोडवे गाताना अब्बांची छाती विसरून चालणार नाही. त्यांनी आम्हाला उंबऱ्यावरून हाकलले, ते कामाच्या लाजेने नव्हे. या कामात मास्क नव्हता, विमा नव्हता, म्हातारपणी पेन्शन नव्हती. पोरगा गॅरेजात जावा की शाळेत, असा प्रश्नच आम्हाला आता पटत नाही. गॅरेजातल्या पोराला दहावीचा कागद आणि नाकावर मास्क, दोन्ही मिळाले पाहिजे. आणि वर्गातल्या पोराच्या हाती एकदा तरी खाकी कागद आणि कात्री यायला हवी.

एका शनिवारी आम्ही त्या पोराला शाळेत बोलावले. फळ्याजवळ उभे राहून त्याने उजव्याचा डावा करून दाखवला. पाठ्यपुस्तक उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्या आमच्या मुलांना ते चटकन कळले. एकाने विचारले, "उस्ताद, तुम कौन सी जमात तक पढे?" तो नुसता हसला. संध्याकाळी आमच्या घरी येऊन अब्बांसमोर बसला आणि सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशी केली. बाहेरून दहावीला बसता येते, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

फॉर्म आम्ही भरला. गणितात तो पास झाला, इंग्रजी राहिले आहे. रात्री गॅरेज बंद करून तो येतो. मास्क गळ्यात लटकलेला असतो, आणि तो नाकावर चढवल्याशिवाय उद्या कामाला लागायचे नाही, हे अब्बा त्याला रोज बजावतात.