दारापुढची जागा

धुळ्याच्या पेठेतील गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत, याचे परगावच्या पाहुण्यांना नेहमी नवल वाटते. चार नंबरची गल्ली, पाच नंबरची गल्ली असे सांगितले की नवखा माणूसही न चुकता दारापर्यंत येऊन पोहोचतो. अलीकडे मात्र माणूस पोहोचतो आणि त्याची मोटार पोहोचत नाही. ती तो आग्रा रोडच्या पलीकडे कोठेतरी ठेवून येतो आणि चहा घेता घेता दोनदा उठून पाहून येतो, की कोणी ती उचलून तर नेली नाही ना.

पेठेची ही सरळ आखणी कोणाची, यावर गावात वाद चालतो. विश्वेश्वरय्यांची, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ आहेत. विश्वेश्वरय्यांचे धुळ्यावर ऋण आहे यात शंका नाही. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाल्यावर त्यांनी प्रारंभीचे काम या भागात केले आणि पांझरेखालून पाण्याचा सायफन नेला. पण त्यांचा जन्म १८६१ चा. आणि नवे धुळे वसविणारा कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशात आला तो पेशवाई बुडाली त्या वर्षी, १८१८ मध्ये. पुढल्याच वर्षी त्याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले. त्या वेळी गावात अडीच हजारांच्या आसपास माणसे होती. व्यापारी, कारागीर यांनी येऊन वसावे म्हणून त्याने घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, घरे बांधायला उचलही दिली. ज्या गावात जागा फुकट वाटून माणसे बोलवावी लागत होती, त्याच गावात आज एक मोटार उभी करण्याइतकी जागा मिळावी म्हणून सख्खे शेजारी एकमेकांशी बोलेनासे होतात. २०११ च्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या पावणेचार लाखांवर गेली होती. गल्ल्यांची रुंदी मात्र जिथल्या तिथे राहिली. किंबहुना ओटे, पायऱ्या आणि गटारांवरच्या फरश्या पुढे सरकल्यामुळे ती थोडी आकसलीच.

आमच्या लहानपणी गल्लीत वाहने नव्हती असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. बैलगाडी होती. संध्याकाळी बैल सोडून गोठ्यात बांधले, की गाडी दारापुढे जू टेकून उभी राही. परंतु ती गाडी सगळ्या गल्लीची असे. तिच्यावर पोरे चढत, दुपारी कोणी कुरडया वाळत घाली, रात्री जेवणे झाल्यावर चार मंडळी तिच्यावर बसून गप्पा मारीत. गाडीने जागा अडविली, तरी ती जागा माणसांना परत मिळे. मोटारीचे तसे नाही. मोटार म्हणजे रस्त्यावर आणून ठेवलेली कुलूपबंद खोली. तिला टेकून उभे राहिले तरी ती बोंबलू लागते आणि वरच्या मजल्यावरून मालक डोकावतो.

खोली हा शब्द आम्ही उगीच वापरला नाही. बांधकामाच्या नियमांत एका मोटारीसाठी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर झाली. प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातील घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरलेले आहे. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, की सरकारी हिशेबाने एका गरीब कुटुंबाचे स्वयंपाकघरासकट घर झाले! अमेरिकेतील प्राध्यापक डोनल्ड शूप यांनी आयुष्यभर याच एका विषयाचा ध्यास घेतला होता. मोटार तिच्या आयुष्याचा सुमारे ९५ टक्के काळ नुसती उभी असते, असे ते सांगत. २००५ साली त्यांनी फुकटच्या पार्किंगची खरी किंमत मांडणारा जाडजूड ग्रंथ लिहिला. २०२५ मध्ये ते निवर्तले. आमच्या गल्लीतील एक मोटार त्यांनी पाहिली असती, तर टक्केवारी आणखी वाढविली असती. ती आखाजीला आणि दिवाळीला निघते. एरवी तिच्या आच्छादनाखाली मांजर विते.

मारुती ८०० मोटार १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आली. पहिली काही वर्षे आमच्याकडे तिचा फारसा उपद्रव जाणवला नाही. पुढे बँका दारात येऊन कर्ज देऊ लागल्या, मुले पुण्या-नाशिकला नोकरीस लागली आणि घरटी एक मोटार हे सुखवस्तूपणाचे नव्हे, तर नुसत्या बरेपणाचे लक्षण झाले. याबद्दल कोणाला नावे ठेवण्याची आमची इच्छा नाही. म्हाताऱ्या आईला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा न्यावे लागते, त्या घराला मोटार चैनीची नसते. पण घेताना प्रत्येकाने किंमत पाहिली, रंग पाहिला, ती लिटरला किती जाते हे पाहिले. ती रात्री निजणार कोठे, हे मात्र कोणी पाहिले नाही.

मग सुरू झाले जागा धरण्याचे शास्त्र. मोटार बाहेर गेली, की तिच्या जागी दोन दगड येऊन बसतात. दगड हलविले गेले, की तुळशीची कुंडी येते, कारण कुंडीला हात लावायला माणूस कचरतो. कोणी मोडकी खुर्ची ठेवतो, कोणी जुना टायर. एका दारावर पाटी आहे : ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल.’ सकाळी भाजीची लोटगाडी घेऊन येणाऱ्या बाई या सर्व वस्तूंमधून वाट काढीत येतात. ‘भाऊ, तुमनी गाडी थोडी सरकावा ना,’ असे अहिराणीत विनवताना त्यांचा आवाज जेवढा मऊ असतो, तेवढा ऐकणाऱ्याचा नसतो.

उन्हाळ्यात या शास्त्राला आणखी एक कलम जोडले जाते. वैशाखात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कडुनिंबाच्या सावलीला सोन्याचा भाव येतो. सावली दिवसभर फिरते, म्हणून मोटारीही फिरतात. सकाळी उत्तरेच्या दारी असलेली मोटार दुपारी दक्षिणेच्या दारी जाते आणि भांडणही तिच्याबरोबर जागा बदलते. याच निंबाला आखाजीला झोका बांधत. माहेरी आलेल्या लेकी उंच झोके घेत आणि गाणी गात. झोक्याला मागेपुढे मोकळी जागा लागते. गेल्या काही वर्षांत झोका बांधला गेला नाही. कोणी बंदी केली नाही. कोणाच्या तरी काचेला पाय लागेल, एवढी भीती पुरेशी झाली.

आमच्या गल्लीला जाग आणली ती एका रात्रीने. समोरच्या नानांना रात्री दीडच्या सुमारास छातीत कळ आली. रुग्णवाहिका वेळेवर आली, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबली. दोन्ही बाजूंना मोटारी आणि मधोमध कोणाची तरी पाहुण्याची मोठी गाडी. तिचा मालक कोणत्या घरी उतरला आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. दारे ठोठावण्यात जाणारा वेळ डोळ्यांसमोर दिसत होता. शेवटी घरातली खाट उचलली, नानांना तिच्यावर निजविले आणि पाच-सहा जणांनी मिळून ती खांद्यावर घेऊन मोटारींच्या फटीतून वाट काढली. एका ठिकाणी खाट आडवी जाईना, तेव्हा ती मोटारीच्या टपावरून न्यावी लागली. काकू मागून अनवाणी चालत होत्या. नाना वाचले, पण त्या रात्री खांद्यावर खाट घेतलेल्या माणसांना ते चालणे कशासारखे वाटले, हे आम्ही येथे लिहिण्याची आवश्यकता नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बैठक बसली. पहिला प्रश्न निघाला तो हक्काचा. माझ्या दारापुढची जागा माझी की नाही? कायद्याने पाहता ती कोणाचीच नाही. रस्ता सार्वजनिक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ इतकेच सांगतो, की दुसऱ्यास धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने वाहन उभे करू नये, आणि तसे केल्यास पोलिसांना ते हलविता येते. दारापुढे दगड ठेवणाराही तितकाच दोषी, हे ऐकून पुष्कळांचा हिरमोड झाला.

आमची धाकटी बहीण जळगावला असते. तिच्याकडे वसाहत नवी, रस्ते रुंद, म्हणून तेथे सुख असेल असे आम्हांस वाटे. पण पोलन पेठ, दाणाबाजार, फुले मार्केट या भागांत सणासुदीला पायी जाणेही कठीण होते, आणि तेथे न मावलेली वाहने आसपासच्या घरांच्या दारी जाऊन उभी राहतात. व्यापारी संकुलांच्या नकाशात तळघर वाहनांसाठी दाखवायचे आणि प्रत्यक्षात तेथे दुकाने थाटायची, ही चाल महाराष्ट्रातल्या कोणत्याच शहराला नवी नाही. राहत्या इमारतींतही खांबांमधली जागा बिल्डर निराळे पैसे घेऊन विकीत असत. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती जागा सोसायटीची सामाईक आहे, ती स्वतंत्रपणे विकता येणार नाही, असा निर्णय दिला. ज्यांना तो माहीत आहे त्यांचे पैसे वाचले. आमच्या पेठेत खांबच नाहीत, तेव्हा आम्हांस त्याचा उपयोग नाही.

जपानने १९६२ साली कायदा केला, की मोटार ठेवायला जागा आहे असा दाखला दाखविल्याशिवाय मोटारीची नोंदणीच होणार नाही. पोलीस जागा पाहतात आणि मग दाखला देतात. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहनमंत्र्यांनी असाच नियम आपल्याकडे आणण्याचा मनोदय बोलून दाखविला, तेव्हा आमच्या ओट्यावर त्याचे मोठे स्वागत झाले. स्वागत करणाऱ्यांच्या मोटारी अर्थातच आधीच घेऊन झाल्या होत्या. आमचे मत विचाराल तर नियम हवा. पण दाखला पैशाने मिळू नये याची काळजी आधी घ्यावी आणि भाड्याच्या खोलीत राहून टॅक्सी किंवा टेंपो चालवून पोट भरणाऱ्याला उपाशी ठेवू नये. जागेचे पैसे घ्यावेत हा दुसरा मार्ग. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच म्हटले होते, की पार्किंगच्या शुल्कात जमिनीची किंमत दिसली पाहिजे. पुण्याने २०१८ मध्ये तसा प्रयत्न आरंभिला आणि विरोध होताच तो मोजक्या रस्त्यांपुरता आखडता घेतला. फुकट मिळालेली वस्तू आपला हक्क वाटू लागते, हे ब्रिग्जच्या बिनभाड्याच्या जागांपासून चालत आलेले असावे.

ख्रिस्तमंदिराशेजारी राहणाऱ्यांच्या दारीही रविवारी मिस्सेच्या वेळी आपल्याच मोटारी असतात, हे या ठिकाणी नोंदवून ठेवतो. मिस्सा आटोपल्यावर आवारात अर्धा तास गप्पा होतात आणि तेवढा वेळ कोणीतरी आपली स्कूटर बाहेर काढायची वाट पाहत उभे असते. वाचकहो, त्यांनी आजवर तक्रार केली नाही, एवढेच.

आमच्या गल्लीत बैठकीतून निष्पन्न झाले ते थोडके. मोटारी एकाच बाजूला लावायच्या. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तरेच्या, दुसऱ्यात दक्षिणेच्या. गल्लीचे तोंड मोकळे ठेवायचे आणि तेथे चुन्याची रेघ मारायची. पाहुण्याने मोटार आणली, तर यजमानाने आपला फोन नंबर काचेवर लावायचा. दगड उचलले गेले. कुंड्या मात्र राहिल्या, कारण त्यांत आता खरोखरच तुळस फोफावली आहे. ज्यांना दोन मोटारी आहेत त्यांनी एक बाहेर भाड्याच्या जागेत ठेवावी, हा ठराव दोन घरांनी अद्याप मानलेला नाही. त्यांच्याशी बोलणी चालू आहेत. चुन्याची रेघ पहिल्याच पावसात वाहून गेली. ती पुन्हा मारण्याचे काम नानांनी आपल्याकडे घेतले असून, ते रोज सकाळी काठी टेकीत जाऊन रेघेच्या आत कोणाचे चाक आले आहे का, हे पाहून येतात.