दमणीचीं चाकें

राळेगांवच्या आमच्या वाड्यांत आजोबांची दमणी गोठ्याशेजारीं कित्येक वर्षें पडून होती. यंदा ती पुन्हां चालती करावी असें ठरलें आणि घरांत दोन पक्ष पडले. तरुण मंडळींचें म्हणणें, लोखंडी आंस नि रबरी टायर बसवावे. आत्याबाईंचें म्हणणें, दमणी होती तशीच हवी, कारण तींतूनच त्या सासरीं गेल्या.

आम्ही आरंभीं आत्याबाईंच्या बाजूचे. लांकडी चाक ही कांहीं सामान्य वस्तु नव्हे. तुंब्यांत आरे ठोकावयाचे, त्यांभोवतीं लांकडाची गोल कड जुळवावयाची; मग लोखंडी धांव गोवऱ्यांच्या जाळांत लाल करून चढवावयाची आणि वर पाणी ओतावयाचें. धांव आकसते व सारें चाक आवळून धरते. पण सुतारानें विचारलें, "बैल डांबरी सडकेनेंच जाणार ना?" लोखंडी धांवेचा धक्का थेट बैलाच्या खांद्यापर्यंत पोंचतो, रबरी चाक तो पुष्कळसा गिळतें, व बेअरिंगमुळें ओढहि हलकी होते. ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

दुसरे दिवशीं त्यानें साट्याच्या फळ्या उचकटल्या, तों छताचे खुंट मागाहून पाडलेल्या भोकांत बसविलेले निघाले. मूळची ती उघडी रेंगी. छत आजोबांनींच चढविलेलें! आत्याबाई त्या भोकांवरून बराच वेळ हात फिरवीत राहिल्या. "बाबांनीं माझ्या लग्नासाठींच केलें असेल," एवढेंच बोलल्या.

छत तसेंच ठेविलें. चाकें रबरी बसणार. जुनीं दोन्ही ओसरीवर टेकवून ठेवावीं, हा हट्ट मात्र आत्याबाईंनीं सोडला नाहीं.