गुंजवण मावळातलं महायुद्ध

इटली स्टारची फीत लाल, पांढऱ्या, हिरव्या पट्ट्यांची असते, त्या देशाच्या झेंड्यासारखी. आफ्रिका स्टारची फीत फिकट वाळूच्या रंगाची. मधोमध रुंद लाल पट्टा, एका बाजूला गडद निळी रेघ आणि दुसऱ्या बाजूला आभाळी. हे मला गुंजवणीच्या खोऱ्यातल्या एका घरात कळलं. माळ्यावरून खाली काढलेली पत्र्याची ट्रंक, तिच्यात जुनं लुगडं, लुगड्यात गुंडाळलेली तंबाखूची डबी आणि डबीत हे बिल्ले.

मी वेल्हे तालुक्यात (आता राजगड म्हणतात) इतिहास शिकवते. वर्गाच्या खिडकीतून राजगड किल्ला दिसतो. दुसऱ्या महायुद्धाचा धडा चालू होता. पोलंड, फ्रान्स, पर्ल हार्बर असं फळ्यावर लिहीत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "बाई, जर्मनच्या लढाईतले बिल्ले आमच्या घरी हायेत. पणजोबांचे." पोरं हसली, पण मला राहवेना. त्याच आठवड्यात त्याच्या घरी गेले.

त्याची आजी ऐंशीच्या पुढची. बिल्ले तिच्या सासऱ्यांचे. "मामंजी म्हनायचे, ह्ये इकायचं न्हाय. मोडवाला आला की मी ट्रंकेवर बसून राहायचे," ती म्हणाली. घरात सगळ्यांची समजूत होती की म्हातारा बर्मात लढला. खोऱ्यात फौजेत गेलेला प्रत्येक माणूस लोकांच्या लेखी बर्मातच गेलेला असतो. पण डबीत बर्मा स्टार नव्हता. सहा टोकांचे तीन तारे होते आणि त्यांतल्या दोघांवर इंग्रजीत आफ्रिका आणि इटली असं कोरलेलं होतं. सोबत घड्यांवर विरलेलं डिस्चार्ज बुक. त्यावर पलटण वाचता आली: पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन.

पलटण कळली की युद्धाचा नकाशा आपोआप उलगडतो. मुसोलिनीने 10 जून 1940 ला युद्धात उडी घेतली आणि लढाई तोवर जिथे नव्हती तिथे पोचली. एरिट्रिया, इथिओपिया, सोमालीलँड इटलीच्या ताब्यात; म्हणजे सुएझकडे जाणाऱ्या तांबड्या समुद्राच्या काठावर शत्रू बसलेला. मुंबईहून निघालेलं प्रत्येक जहाज त्याच वाटेने जाणार. म्हणून हिंदी सैन्याची चौथी आणि पाचवी डिव्हिजन सुदानमार्गे एरिट्रियात उतरली. आस्मारा शहराकडे जाणारा रस्ता आणि रेल्वे केरेनपाशी एका अरुंद खिंडीतून जाते. दोन्ही बाजूंना उभे कडे, कड्यांवर इटालियन तोफा, खिंड सुरुंग लावून बुजवलेली. फेब्रुवारी 1941 मध्ये इथे सुरू झालेली लढाई मार्चअखेरपर्यंत चालली.

आजीला केरेन हे नाव ठाऊक नव्हतं. सासरे सांगायचे ते तिला पाठ होतं: डोंगर आपल्यासारखाच, पण झाड नाही, सावली नाही, पाणी नाही. पाण्याचे डबे पाठीवर बांधून रात्री वर चढायचं आणि वरून हातबाँब गडगडत यायचे. हे वर्णन मी नंतर लढाईच्या इतिहासाशी ताडून पाहिलं. तंतोतंत जुळतं. 15 मार्चच्या शेवटच्या चढाईत तिसऱ्या मराठा बटालियनकडे सपाट माथ्याची एक टेकडी होती, नकाशावर 'फ्लॅट टॉप' म्हणून नोंदलेली. ती त्यांनी घेतली. मराठा रेजिमेंटच्या परंपरेत असं सांगतात, की 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही आजची युद्धघोषणा याच आफ्रिकेच्या मोहिमेत रूढ झाली. राजगडाच्या पायथ्याला वाढलेला पोरगा ती आरोळी एरिट्रियाच्या कड्यावर देत होता, हे वर्गात सांगताना माझा आवाज चढला. तो चढू दिला. 27 मार्चला केरेन पडलं. इंग्रजांच्या बाजूचे मृत आणि जखमी मिळून साडेतीन हजारांच्या वर होते.

एका खिंडीसाठी एवढं कशाला, असं मुलांनी विचारलं. ती खिंड पडली म्हणून एप्रिलमध्ये मसावा बंदर मिळालं आणि तांबडा समुद्र मोकळा झाला. पण तोवर जर्मन सेनापती रोमेल लिबियात उतरला होता. चौथ्या डिव्हिजनला केरेनहून थेट वाळवंटाकडे परत पाठवावं लागलं. युद्ध असं पसरतं. एका ठिकाणची आग विझवायला नेलेली माणसं दुसऱ्या आगीत उतरतात.

त्या दुसऱ्या आगीचं घर मला भोरच्या बाजूला सापडलं, भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला, वेळवंड खोऱ्यात. तिथे एकच आफ्रिका स्टार होता, आणि त्या घरातली गोष्ट मला आजही नीट सांगता येत नाही. पलटण दुसरी बटालियन. 20 जून 1942 च्या पहाटे रोमेलने लिबियातल्या तोब्रुकवर शेवटचा हल्ला केला, तो नेमका दुसऱ्या मराठा बटालियनच्या आघाडीवर. आधी विमानांचे बाँब, मग रणगाडे. दुसऱ्या दिवशी ठाणं शरण गेलं. सुमारे 33 हजार माणसं कैदेत पडली. चर्चिल तेव्हा वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्टपाशी बसले होते. त्यांना ती बातमी तिथल्या तिथे मिळाली.

वेळवंड खोऱ्यात मिळाली ती तार, पावसाळ्यात, आणि तीत एवढंच होतं की माणूस बेपत्ता आहे. गावात इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं. तार घेऊन दीर भोरला चालत गेला. बेपत्ता म्हणजे काय, मेला की जिवंत, हे तिथेही कोणी सांगेना. बायको अठरा-एकोणीस वर्षांची. भावकीतल्या काहींनी सांगितलं, कुंकू पुसा, दिवस घाला. सासूने ऐकलं नाही. "माझ्या पोराचं मढं मी पाहिलं न्हाय," एवढंच ती म्हणाली आणि उंबऱ्यात उभी राहिली. हे मला त्या बाईच्या मुलाने सांगितलं. तो बाप परत आल्यावर जन्मलेला. पुढच्या वर्षी रेडक्रॉसचं कार्ड आलं. इटलीतल्या कैद्यांच्या छावणीतून. मजकूर दोन ओळींचा, कोणाकडून तरी लिहून घेतलेला, खाली अंगठा. सासूने कुंकू राखलं, ते सगळ्या खोऱ्याविरुद्ध. माझ्या मते तोब्रुकच्या लढाईचा हा भाग कुठल्याही सेनापतीच्या आठवणींइतका महत्त्वाचा आहे.

आमच्या शिक्षक-खोलीत एका सहकाऱ्यांनी विचारलं, ही इंग्रजांची लढाई, पगारी शिपायांची. तिचं मुलांपुढे एवढं कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही हिंदी पुढाऱ्याला न विचारता हा देश युद्धात लोटला. भोर तर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान, आजचं वेल्हे त्याच्याच राजगड आणि प्रचंडगड या तालुक्यांत. तिथल्या शेतकऱ्याला कोण विचारणार? शिपायाचा पगार महिना सोळा-अठरा रुपये. भाताच्या चार खाचरांवर आणि वरकस नाचणीवर जगणाऱ्या घराला ती मनीऑर्डर म्हणजे जगण्याचा आधार होता. युद्धकाळात हिंदी सैन्य 25 लाखांवर गेलं, त्यात बहुतेक अशाच घरांतली माणसं. ती पोटासाठी गेली यात कमीपणा काय? मी मुलांना दोन्ही सांगते. साम्राज्याने त्यांना वापरलं, हे खरं. त्यांनी फॅसिस्टांशी लढून त्यांना मागे रेटलं, हेही खरं. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

आणि युद्ध गेलेल्यांपुरतं कुठे राहिलं? मार्च 1942 मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि बर्माचा तांदूळ बंद झाला. मुंबईत 1943 मध्ये रेशन सुरू झालं. आमच्या खोऱ्यांतली कितीतरी माणसं तेव्हा मुंबईत हमालीला, गिरणीत. गावाकडून नेलेली शिधोरी दादरला उतरेपर्यंत जपावी लागायची, असं जुनी माणसं सांगतात. घासलेट मिळेना, म्हणून दिवेलागणीलाच जेवणं उरकायची. आजीच्या सासूची आठवण अशी, की आंबेमोहोर घरचा, पण तो दाम येतो म्हणून विकायचा आणि आपण नाचणीची आंबील प्यायची.

बर्मा स्टारची घरंही आहेत, नाही असं नाही. चौथी मराठा बटालियन मार्च 1944 मध्ये इंफाळजवळ सांगशाकला जपान्यांच्या वेढ्यात लढली. तिथे जपान्यांचे दिवस मोडले, ते कोहिमाच्या बचावाला उपयोगी पडले. त्या खेपेस लढाई आपल्याच देशाच्या हद्दीत होती. पण माझ्या हाती त्या बाजूची कागदपत्रं थोडी आली, म्हणून इथे एवढंच.

पुन्हा पहिल्या घराकडे येते. केरेननंतर तिसरी बटालियन फिरत फिरत 1944 मध्ये इटलीत पोचली. आजीला सासऱ्यांचं तिथलं एकच बोलणं आठवतं: चिखल गुडघाभर, आणि त्या चिखलात आपल्या पोरांसारखीच गोरी पोरं पाव मागत उभी. ते स्वतःच्या वाट्यातला देत. त्याच बटालियनचा नाईक यशवंत घाडगे, घाटाखालच्या माणगाव तालुक्यातला, म्हणजे आमच्या डोंगराच्या पलीकडचाच. 10 जुलै 1944 ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीतली माणसं एका मशीनगनच्या माऱ्यात पडली. तो एकटा धावून गेला, हातबाँब टाकला, बंदुकीचं मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून तिच्या दांड्याने उरलेल्या दोघांना खाली पाडलं, आणि तिथेच नेमबाजांच्या गोळ्यांनी पडला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात त्याचा पुतळा आहे, आणि 2023 मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्याच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं.

त्याच महिन्याच्या अखेरीस फ्लॉरेन्सजवळ मोंतेगुफोनीच्या वाड्यात मराठा जवानांनी पहारा दिला, तो चित्रांवर. लढाईपासून वाचवायला संग्रहालयातून हलवलेली चित्रं तिथे भिंतींना टेकून उभी होती, त्यांत बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' होतं. फ्लॉरेन्सला आज लोक तिकीट काढून ते बघतात. त्याच्यापाशी एके काळी मराठी बोलणारे शिपाई उभे होते, हे तिथे जाणाऱ्या मराठी पर्यटकांना कोणीतरी सांगायला हवं.

आजीने निघताना आणखी एक सांगितलं. सासऱ्यांचे थोरले चुलते "बसऱ्याला गेले ते आलेच न्हाईत." म्हणजे पहिलं महायुद्ध. पुण्यात ठाणं असलेली सहावी डिव्हिजन नोव्हेंबर 1914 मध्ये बसऱ्याजवळ उतरली, बगदादच्या दारापर्यंत गेली, मागे हटली आणि कुतमध्ये वेढली गेली. उपासमारीनंतर 29 एप्रिल 1916 ला ती शरण गेली; तिच्यात मराठ्यांच्या 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या पलटणी होत्या. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि कितीतरी वाटेतच गेले. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. हिंदी शिपायांची मात्र पलटणीनुसार नुसती संख्या. त्या चुलत्यांचं नाव ना गावात, ना तिथे. हा अन्याय आहे, आणि शंभर वर्षं झाली म्हणून तो जुना होत नाही.

आता माझ्या वर्गात मुलं आधी घरची पलटण शोधतात, मग नकाशा उघडतात.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असा बिल्ला असेल, तर तो मोडीत देऊ नका. फितीचा रंग बघा, डिस्चार्ज बुकावरचा शिपाई क्रमांक आणि पलटण एका वहीत उतरवून घ्या, कागदाचा फोटो काढून ठेवा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पुण्यात आहे. तिथे विचारणा करा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांची नावं शोधता येतात. इंग्रजी स्पेलिंग वेडीवाकडी असतात, म्हणून नुसतं आडनाव टाकून थांबू नका, पलटण टाकून बघा. आणि घरात ऐंशीच्या पुढची सून, मुलगी, भाची असेल तर आधी तिच्यापाशी बसा. ज्यांनी हे शिपायांच्या तोंडून ऐकलं, अशी माणसं आता थोडीच उरली आहेत.