पिन

तौक्ते वादळानंतर आमच्या होडीचा पंचनामा झाला, त्यात एक शब्द आहे: ‘निष्काळजीपणा’. तो शब्द मला अजून सलतो.

देवबागची जमीन म्हणजे एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. आमची अठरा फुटी फायबरची होडी खाडीत असायची. 16 मे 2021, रविवार. अमावास्या होऊन पाच दिवस झाले होते, उधाण उतरत होतं, म्हणून थोडा धीर होता. पावसाळी मासेमारीबंदी 1 जूनपासून. आणखी दोन आठवड्यांनी होडी वर ओढायचीच होती. आदल्या दिवशी का ओढली नाही, असं लोक विचारतात. कोरोनाची टाळेबंदी होती, हात कमी होते, जे होते ते मोठ्या होड्यांकडे धावले.

होडी बांधली कशी होती ते सांगतो. तळाला ट्रकच्या टायरात ओतलेलं काँक्रीट, जमिनीवर दीडशे किलो भरेल एवढं. पाण्यात त्याचं वजन नव्वदच्या आसपास उरतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्याला दहा मिलिमीटरची सहा मीटर साखळी, साखळीला शेकल, म्हणजे पिनेने बंद होणारा लोखंडी आकडा, शेकलला सोळा मिलिमीटरचा बारा मीटर नायलॉनचा दोर, आणि दोर नाळेवरच्या खुंट्याला. खाली साखळीच हवी. ती जड असते, तळाशी पडून राहते, त्यामुळे ओढ आडवी बसते आणि वजन उचललं जात नाही. दगडावरच्या कालवांनी दोर कापला जातो, साखळी कापली जात नाही. वर मात्र नायलॉन. तो ताणतो आणि लाटेचा हिसका पोटात घेतो. नाळेवर दोर घासतो तिथे मी पाण्याच्या पाइपाचा तुकडा चढवला होता. यात निष्काळजी काय आहे?

रात्रभर वारा. पत्रे उडाले, माड पडले, वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. त्याच वादळात देवगड बंदरात होड्यांचे नांगर तुटून खलाशांचे जीव गेले. त्यापुढे आमचं काहीच नाही, हे मला कळतं. तरी सकाळी खाडीवर गेलो आणि होडीच्या जागी नुसतं गढूळ पाणी दिसलं, तेव्हा पाय लटपटले.

होडी पलीकडे कोरजाईच्या बाजूला पालथी सापडली, बूड फुटलेली. दोर नाळेवर तसाच. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी दोराचं टोक हातात धरलं आणि म्हणाले, “दोर तुटलेला नाही, म्हणजे सुटलाय. तुम्ही नीट बांधलं नव्हतं.” त्यांनी तळाची साखळी पाहिलीच नाही. मी म्हटलं, सुकती लागू दे, खाली उतरून दाखवतो. त्यांना अजून अकरा घरं करायची होती. त्यांनी लिहिलं, मी सही केली. ती सही का केली, हा प्रश्न आजही रात्री उठवतो. बायको पाठीमागून “नको, नको” म्हणत होती.

पाणी उतरल्यावर एकटाच उतरलो. टायर जागचा हलला नव्हता. साखळीची एक कडी वाकडी नव्हती. टोकाला शेकल होता, पण त्यात पिन नव्हती. पिनेला आटे असतात. होडी दिवसरात्र डुलते, शेकल फिरतो, पिन हळूहळू सुटत जाते. म्हणून पिनेच्या डोळ्यातून तार ओवून शेकलला पीळ देऊन बांधायची असते. तार मी बांधली होती. जानेवारीत. घराच्या स्लॅबची उरलेली, सळ्या बांधायची काळी तार. खाऱ्या पाण्यात ती चार महिने कुठली टिकते? शेजारचे आबा शेकल हातात घेऊन बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “साकळी रवता, दोर रवता, जाता ती पिन. तार कसली लावलेलंस रे?”

मला उत्तर देता आलं नाही. आबा मे लागल्यापासून दोनदा म्हणाले होते, एकदा खाली जाऊन बघून ये. मी गेलो नव्हतो.

तेव्हा, तो शब्द आबांनी उच्चारला असता तर मी मान खाली घातली असती. साहेबांनी लिहिला तो न बघता. दोर सुटला नव्हता, आणि कागदावर तो सुटला असं आहे.

ज्यांची होडी पाण्यात आहे त्यांनी जस्ताचा मुलामा दिलेली जाड तार घ्यावी, दोन पीळ द्यावेत, आणि दर अमावास्येला, पाणी सगळ्यात खाली जातं तेव्हा, पिन हाताने चाचपून पाहावी. नुसतं बघून कळत नाही, तिच्यावर शेवाळ असतं.

पंचनाम्यातली ती ओळ दुरुस्त करावी म्हणून मी अर्ज केला आहे. हा तिसरा. सोबत त्या शेकलचा फोटो जोडला आहे.