साताच्या घरचे १४२८५७

पूर्ण नाव एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. मुक्काम साताच्या घरी. एकाला साताने भागायला बसा, दशांशचिन्ह ओलांडलं की हे दारात उभे, आणि मग जायचं नाव घेत नाहीत: ०.१४२८५७१४२८५७... शाळेत पायसाठी २२/७ घेतलंत तेव्हाही तिनानंतर हेच होते. आपण ३.१४ वर थांबलो, म्हणून ओळख अर्धवट राहिली.

शिस्त मोठी कडक. दोनाने गुणा, २८५७१४. तिनाने ४२८५७१, चाराने ५७१४२८, पाचाने ७१४२८५, सहाने ८५७१४२. वारीतल्या रिंगणासारखे तेच सहा अंक त्याच क्रमाने फिरतात. फक्त पुढे कोण, ते बदलतं. तीन, सहा, नऊ आणि शून्याला रिंगणात जागा नाही.

साताने गुणलं की मात्र एकदम ९९९९९९! सात सप्तमांश मिळून पूर्ण एक व्हायचा, त्याच्या उंबरठ्यावर येऊन थांबतात. आठाने ११४२८५६. चेहरा बदलल्यासारखा वाटतो, पण पुढचा १ उचलून शेवटी मिळवा, स्वारी पुन्हा हजर.

नऊ आत येत नाही, पण जीव नवावरच. मधोमध तोडा: १४२ आणि ८५७, बेरीज ९९९. दोन-दोन अंकांनी तोडा: १४, २८, ५७, बेरीज ९९. मधोमध तोडलेल्या त्या दोन तुकड्यांचे वर्ग करून ८५७ च्या वर्गातून १४२ चा वजा केलात, तर उरतात ७१४२८५, म्हणजे पुन्हा हेच, वेगळ्या अंकापासून सुरू झालेले.

या सगळ्याचं मूळ भागाकारात आहे, आणि मला ते फार सुंदर वाटतं. एकाला साताने भागताना बाकी येते १, ३, २, ६, ४, ५. सहाच बाक्या शक्य, आणि एकही चुकत नाही. त्यामुळे २/७ घ्या की ५/७, वाट तीच. तुम्ही मध्येच कुठेतरी शिरता, एवढंच. तेराला हे साधत नाही. १/१३ चे अंक ०७६९२३, २/१३ चे १५३८४६; एकाच घरात दोन टोळ्या. सतरा आणि एकोणीस यांना साधतं, पण त्यांचं चक्र शून्यापासून सुरू होतं. पुढे शून्य न लावता असं चक्र फिरवणारे आपल्या दशमान पद्धतीत हे एकटेच, म्हणून थोडी ऐट त्यांना शोभते.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी संख्यांची जी कुळं शोधली, त्यांपैकी दोनांत यांचं नाव आहे. हर्षद संख्यांत, कारण अंकांची बेरीज २७ आणि तिने नेमका भाग जातो, ५२९१ वेळा. आणि खुद्द कापरेकर संख्यांतही: वर्ग करा, २०४०८१२२४४९. शेवटचे सहा अंक वेगळे काढा. २०४०८ आणि १२२४४९. आता बेरीज तुमच्या हाताने करा.